जनरल ग्रँट यांचे शेवटचे वर्ष

अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे सेनापती म्हणून आणि पुढे १८६९ ते १८७७ या काळात त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून युलिसिस ग्रँट यांचे नाव इतिहासात आहे. १८७९ साली जगप्रवासात ते मुंबईस उतरले व आग्रा, दिल्ली, कलकत्ता पाहून पुढे गेले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्यांच्या लढायांविषयी ग्रंथ पुष्कळ आहेत. येथे सांगावयाचे आहे ते त्यांच्या शेवटच्या वर्षाविषयी. डॉक्टरांनी कर्करोगाचे नाव घेतले की पुढचे दिवस कसे काढावेत, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घरांपुढे आज उभा आहे.

रोगाच्या आधी दारिद्र्य आले. न्यूयॉर्क येथील एका पेढीत ग्रँट यांनी आपला पैसा आणि त्याहून मोलाचे आपले नाव गुंतविले होते. भागीदार फर्डिनंड वॉर्ड हा तेच रोखे अनेक ठिकाणी गहाण टाकून कर्ज काढीत होता. मे १८८४ मध्ये पेढी बुडाली. त्याच्या दोनच दिवस आधी वॉर्डच्या सांगण्यावरून ग्रँट यांनी धनाढ्य व्हँडरबिल्ट यांच्याकडून दीड लाख डॉलर उसने आणले होते. घरात जेमतेम दोनशे डॉलर उरले. व्हँडरबिल्ट यांना ते पैसे नको होते. पण ग्रँट पतिपत्नींनी ऐकले नाही. घरे, तलवारी, पदके, परदेशच्या राजांनी दिलेले नजराणे, सारे त्यांच्या नावे करून दिले.

त्याच उन्हाळ्यात, समुद्रकाठच्या घरी पीच नावाचे फळ खाताना, घशात डंख मारल्यासारखी कळ उठली. एका डॉक्टरांनी पाहून, न्यूयॉर्कला आपल्या नेहमीच्या वैद्यांस दाखवा असे बजावले. ते वैद्य युरोपात होते. ते येईपर्यंत वाट पाहण्यात उन्हाळा गेला, आणि घशाचे तज्ज्ञ डॉ. डग्लस यांनी तपासले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. जिभेच्या मुळाशी कर्करोग होता. त्या काळच्या शस्त्रक्रियेने आधी येऊनही किती साधले असते कोण जाणे. परंतु आज तसे नाही. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर ती दाखविलीच पाहिजे, असे डॉक्टर सांगतात. आमच्याकडे तंबाखू आणि मिश्री आहे, ग्रँट यांच्याकडे सिगार होते. १८६२ साली डोनेल्सनचा किल्ला त्यांनी जिंकला तेव्हा हातात सिगार होता असे वर्तमानपत्रांत छापून आले, आणि लोकांनी कौतुकाने हजारो सिगार पाठविले. तेव्हापासून ती सवय भलतीच वाढली. प्रेमाने दिलेली वस्तू हितकारकच असते असे नाही.

डॉ. डग्लस यांनी गोड बोलून फसविले नाही. दुखणे गंभीर आहे, कधी कधी बरे होते, एवढेच ते म्हणाले, आणि ग्रँट काय ते समजले. घरी मात्र त्यांनी फारसे बोलून दाखविले नाही. पत्नी ज्युलिया यांना डॉक्टरांकडे जाऊन विचारावे लागले. त्यांना त्रास होऊ नये हा हेतू खरा, तरी हे त्यांनी बरे केले असे म्हणवत नाही.

आता त्यांच्यापुढे एकच काळजी होती. आपल्या मागे ज्युलियाचे कसे होणार? युद्धावरील लेख एका मासिकाने मागितले होते, लेखास पाचशे डॉलर. पहिला लेख अगदी कोरडा, सरकारी अहवालासारखा उतरला. आपल्याला काय दिसले, काय वाटले, तेही लिहा, असे संपादकांनी सुचविले. सेनापतींनी रागावून न जाता तो पुन्हा लिहिला. पुढे आत्मचरित्राची गोष्ट निघाली, तेव्हा लेखक मार्क ट्वेन यांनी पुष्कळ चांगल्या अटी देऊ केल्या. ग्रँट यांनी नफ्यातला वाटा पत्करला. आपल्या पुस्तकापायी प्रकाशकाला तोटा व्हावा हे त्यांना नको होते. नुकत्याच नागविल्या गेलेल्या माणसाची ही वागणूक आहे.

फेब्रुवारी १८८५ मध्ये घशातील मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगाची खात्री झाली. पाणी पिणेही भाजल्यासारखे होई. डॉक्टर घशाला कोकेन लावीत. त्या औषधाचा बधिर करण्याचा गुण नुकताच कळला होता. रात्री झोपेसाठी मॉर्फिन. पण लिहिताना डोके जड होऊ नये म्हणून ते दिवसा शक्य तितके दुखणे सोशीत. मार्च संपता संपता तर आशाच सुटली. मेथॉडिस्ट पाळक डॉ. न्यूमन यांनी त्यांचा बाप्तिस्मा केला. मग प्रकृतीने अचानक उचल खाल्ली. पाळकांनी प्रार्थनेला यश आले म्हटले, डॉक्टरांनी आपल्या औषधाला. पाळकसाहेबांनी वर्तमानपत्रांना ग्रँट यांच्या विश्वासाविषयी जेवढे सांगितले, तेवढे स्वतः ग्रँट यांनी कधी सांगितलेले आढळत नाही. आजाऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याचा मोह आपण पाळक व शिक्षकांनीही ओळखून असावे. कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट आणि यहुदी अशा सर्वांनी प्रार्थना केल्याबद्दल त्यांनी आभार मात्र लेखी मानले. १८६२ साली याच सेनापतींनी यहुदी लोकांना आपल्या लष्करी विभागातून हाकलण्याचा हुकूम काढला होता व लिंकन यांना तो रद्द करावा लागला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या आभारांचे वजन कळते.

उचल खाल्लेले ते दिवस त्यांनी वाया घालविले नाहीत. आधी लेखनिकाला सांगत. आवाज गेला तेव्हा पेन्सिल हाती घेतली. जून १८८५ मध्ये त्यांना सॅराटोगाजवळ माउंट मॅकग्रेगर या डोंगरावरील बंगल्यात नेले. आडवे झाले की श्वास कोंडे, म्हणून समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्यांवर ते रात्र काढीत. सकाळी डोक्यावर लोकरी टोपी, गळ्याभोवती गुंडाळलेले फडके, मांडीवर कागद. बोलणे सारे चिठ्ठ्यांवर. अशा कित्येक चिठ्ठ्या डॉ. डग्लस यांनी जपून ठेवल्या. त्यांत दुखण्याची तक्रार आहे, थट्टाही आहे.

जुलैत एक पाहुणे आले. दक्षिणेचे सेनापती बकनर. तरुणपणी खिसा रिकामा असताना ग्रँट न्यूयॉर्कला अडकले, तेव्हा खाणावळीच्या बिलाची हमी याच बकनरनी घेतली होती. पुढे डोनेल्सनच्या किल्ल्यात याच मित्राकडून ग्रँट यांनी बिनशर्त शरणागती घेतली. आता एकजण बोलत होता, दुसरा कागदावर लिहीत होता. महिन्याभराच्या आत बकनर ग्रँट यांच्या अंत्ययात्रेत मानाच्या जागी चालले.

पुस्तक संपले आणि थोड्याच दिवसांनी, २३ जुलै १८८५ रोजी सकाळी, त्रेसष्ट वर्षांचे ग्रँट वारले. दोन खंडांच्या तीन लाखांवर प्रती विकल्या गेल्या व ज्युलियाबाईंना सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले.

दफनाविषयी त्यांनी चिठ्ठी लिहून ठेवली होती. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाची भूमी त्यांना आवडली असती, पण तेथे पत्नीला शेजारी जागा मिळणार नाही म्हणून त्यांनी ती सोडली. न्यूयॉर्कने ती अट मान्य केली. ज्युलियाबाई १९०२ साली वारल्या, आणि त्यांची शवपेटी ठरल्याप्रमाणे त्यांच्या शेजारी ठेवण्यात आली.