भुतामागचा माणूस शोधणारे डॉ. कोवूर

घरावर अपरात्री दगड पडू लागतात, दांडीवरचे कपडे पेट घेतात, वाढलेल्या ताटात माती निघते. महाराष्ट्रात याला भानामती म्हणतात. असे प्रकार घडणाऱ्या श्रीलंकेतील कुटुंबांना ज्यांचा आधार वाटे, ते डॉ. अब्राहम कोवूर कोणी मांत्रिक नव्हते; ते वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते.

केरळमधील तिरुवल्ला येथे १० एप्रिल १८९८ रोजी सीरियन ख्रिस्ती धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. कोलकात्याच्या बंगबासी कॉलेजात शिक्षण घेऊन त्यांनी कोट्टायमच्या सीएमएस कॉलेजात अध्यापन केले आणि पुढे सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, ही कर्मभूमी मानली. विद्यार्थिदशेतील एक प्रसंग ते आवर्जून सांगत. गावकऱ्यांनी मागितलेले गंगाजल म्हणून त्यांनी रेल्वे स्थानकावरील नळाचे पाणी दिले आणि त्या पाण्याने गुण आल्याचे लोक सांगू लागले. श्रद्धेने मन बदलते, हा धडा त्यांना तेथे मिळाला. जे मन पाण्याने बरे होते, तेच भीतीने आजारीही पडते, हे त्यांच्या पुढील कार्याचे सूत्र ठरले.

१९५९ मध्ये कोलंबोच्या थर्स्टन कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी या कामाला वाहून घेतले. भुताटकीच्या घरी गेल्यावर ते घरातील प्रत्येकाशी बोलत. दगड फेकणारा हात बहुधा घरातलाच निघे आणि त्यामागे कोंडलेले दुःख असे. ज्याला बोलण्याची सोय नाही, तो अशा रीतीने बोलतो, हे त्यांनी ओळखले. ‘अंगात येणे’ हाही त्यांच्या दृष्टीने मनाचाच विकार होता. अशा रुग्णांसाठी ते संमोहनाचा उपयोग करीत. त्यांचे सगळेच निष्कर्ष आजचे मानसोपचारशास्त्र जसेच्या तसे स्वीकारणार नाही. परंतु पीडिताला चाबकाचे फटके किंवा धुरी न देता त्याचे ऐकून घ्यावे, ही त्यांची दृष्टी आजही मोलाची आहे. त्यांच्या अनुभवावर आधारलेला ‘पुनर्जन्मम्’ हा मल्याळम चित्रपट १९७२ मध्ये आला.

सिद्धी दाखवणाऱ्यास एक लाख रुपये देण्याचे त्यांचे १९६३ चे आव्हान गाजले; ते कोणालाही जिंकता आले नाही. त्यांच्यानंतर बी. प्रेमानंद यांनी ते पुढे चालवले. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी भानामतीची प्रकरणे हाताळताना हीच वाट धरली: कुटुंबाला धीर द्यायचा, करणाऱ्याचा शोध घ्यायचा, पण त्याची बदनामी न करता त्याचे दुःख समजून घ्यायचे.

१८ सप्टेंबर १९७८ रोजी कोवूर यांचे निधन झाले. इच्छेनुसार त्यांचे डोळे नेत्रदानासाठी आणि देह वैद्यकीय अभ्यासासाठी देण्यात आला. सांगाडा थर्स्टन कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवावा, अशीही त्यांची इच्छा होती. मृतांची भीती घालवण्यासाठी आयुष्य वेचलेल्या शिक्षकाने मृत्यूनंतरही वर्गात राहणे पसंत केले.