पुसण्याआधी कॉडना विचारा

समजा, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तुम्हाला पहिली नोकरी लागलीय. डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत उभं राहून ठाणं गाठता, खुर्चीत बसता न बसता तोच टीम लीड सांगतो, की आपल्या एआय एजंटसाठी एक टूल बनवलंय, डेटा मॉडेलमधलं टेबल डिलीट करणारं. त्याचं डॉक्युमेंटेशन तेवढं लिहून टाक.

किरकोळ काम, नाही? टूलचं नाव लिहायचं, खाली 'टेबल काढून टाकतं' एवढी ओळ, आणि चहाला मोकळे! पण थांबा. ज्या टेबलाला हात घालताय, त्याच्या मूळ मालकाची गोष्ट आधी ऐका.

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म १९२३ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडमधला. ऑक्सफर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक होते. युद्धानंतर अमेरिकेत जाऊन आयबीएममध्ये प्रोग्रॅमर झाले. १९५३ मध्ये तिथलं मॅकार्थीकालीन संशयाचं राजकारण असह्य झालं, तेव्हा सरळ कॅनडा गाठलं. काही वर्षांनी परतले आणि चाळिशी उलटल्यावर, १९६५ मध्ये, मिशिगन विद्यापीठातून पीएचडी केली. 'आता काय शिकायचं' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा!

मग कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या आयबीएम प्रयोगशाळेत त्यांना एक गोष्ट खटकू लागली. तेव्हाच्या डेटाबेसमधून काही हवं असेल, तर ते आत कुठे नि कसं ठेवलंय, कुठल्या नोंदीवरून कुठल्या नोंदीवर जायचं, हे प्रोग्रॅमरला ठाऊक असावं लागे. १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात तुम्ही पुस्तकाचं नाव सांगता. 'तिसरं कपाट, चौथी फळी, डावीकडून सातवं' असं सांगावं लागलं असतं तर? आणि उद्या कपाटच हलवलं तर?

१९७० मध्ये कॉडनी शोधनिबंध लिहिला आणि रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. तक्ते एकमेकांशी जोडा ते त्यांतल्या मूल्यांनीच. काय हवंय ते सांगा, कसं आणायचं ते यंत्र बघेल.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी याच तक्त्यांची शिस्त बसवली, तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. डोंबिवलीतल्या एखाद्या क्लासचं उदाहरण घ्या. सरांचा फोन नंबर फक्त विद्यार्थ्यांच्या ओळींत लिहिलाय. बॅचमधला शेवटचा मुलगा क्लास सोडतो, तुम्ही त्याची ओळ पुसता, आणि सरांचा नंबरही जातो! पुसायचं होतं एक, गेलं दुसरंच. हे टाळायचं तर सर, विद्यार्थी, फी यांचे तक्ते वेगळे हवेत आणि त्यांच्यातली नाती स्पष्ट हवीत.

आयबीएमनं मात्र लगेच उचल खाल्ली नाही. तिचं जुन्या पद्धतीचं उत्पादन चांगलं खपत होतं. कंपनीतल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी कॉडच्या कल्पनेवरून आजच्या एसक्यूएलचा पाया घातला, पण बाजारात १९७९ मध्ये आधी उतरली ती ओरॅकल. १९८१ मध्ये कॉडना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मग जो तो आपल्या मालावर 'रिलेशनल' असं लेबल चिकटवू लागला. वैतागून १९८५ मध्ये कॉडनी बारा नियम छापले. (मोजले तर तेरा भरतात, कारण सुरुवात शून्यापासून आहे.)

तुमच्या कामाचे त्यातले तीन. सातवा म्हणतो, एका आज्ञेत नोंदींचा अख्खा संच पुसता आला पाहिजे. दहावा म्हणतो, डेटा शाबूत ठेवणारे निर्बंध प्रोग्रॅममध्ये विखुरलेले नकोत, डेटाबेसच्या कॅटलॉगमध्येच नोंदवा. बारावा म्हणतो, मागच्या दारानं आलात तरी ते निर्बंध चुकवता येता कामा नयेत. म्हणजे ॲक्सिलरेटर देणाऱ्यानंच ब्रेकही दिला होता.

आता जुलै २०२५ मध्ये या. रेप्लिट कंपनीच्या एआय एजंटनं, काहीही बदलू नकोस असं बजावलेलं असताना, एका अमेरिकी उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. वर डेटा परत येणार नाही असंही सांगितलं. तो परत आणता आला, ही गोष्ट वेगळी.

म्हणून तुमची ती 'किरकोळ' ओळ महत्त्वाची. नव्या माणसाला शंका आली तर तो शेजारच्याला विचारतो. एजंटला या टूलबद्दल तुम्ही लिहून द्याल तेवढंच कळणार. तेव्हा लिहा : टेबल कायमचं जातं की परत आणता येतं. त्याला जोडलेली नाती आणि त्यावर बेतलेली गणितं यांचं काय होतं. नाती असतील तर टूल नकार देतं की त्यांनाही सोबत घेऊन जातं. आधी कुठल्या टूलनं ही यादी तपासायची, कुणाची परवानगी घ्यायची. फक्त नोंदी रिकाम्या करायच्या असतील तर हे टूल वापरायचं नाही, हेही लिहा.

आणि एक प्रश्न लीडला जरूर विचारा : ही परवानगी टूल स्वतः तपासतं, की नुसती कागदावर आहे? कागदावरच असेल तर तो ब्रेक नाही, विनंती आहे. दहावा आणि बारावा नियम दाखवा त्यांना.

कॉड १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात गेले. एजंट त्यांनी पाहिले नाहीत. पण आज रात्री कल्याण लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, तर त्यांचे ते बारा, म्हणजे तेरा, नियम मोबाइलवर वाचून काढा. उद्या ती ओळ लिहायला घ्याल, तेव्हा ती एका ओळीत मावणार नाही.