बेलडोंगरीचे खनिज आणि सर लुईस फर्मर

विदर्भातील मँगनीजचा शास्त्रीय इतिहास सर लुईस ली फर्मर यांच्या नावावाचून लिहिता येणार नाही. १८८० मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि लंडनच्या रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकलेले फर्मर १९०२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातील खाणी त्यांनी तपासल्या आणि १९०९ मध्ये भारतातील मँगनीजवर बाराशेहून अधिक पानांचा ग्रंथ सिद्ध केला. मँगनीजयुक्त गार्नेट व क्वार्ट्झ यांच्या खडकाला त्यांनी गोंड समाजावरून 'गोंडाइट' हे नाव दिले.

नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी येथे सापडलेल्या, लोहचुंबकाकडे जोराने ओढल्या जाणाऱ्या एका खनिजाला त्यांनी आपले सहकारी अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांच्यावरून 'व्रेडेनबर्गाइट' म्हटले. पुढे घासून चकचकीत केलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले, तेव्हा निराळेच दृश्य दिसले. जॅकब्साइट आणि हौसमनाइट या दोन खनिजांच्या बारीक पट्ट्या त्यात एकमेकींत गुंतलेल्या होत्या. अतितप्त अवस्थेत एकजीव असलेले द्रव्य सावकाश निवताना असे दुभंगते. साहजिकच व्रेडेनबर्गाइटचे स्वतंत्र खनिजाचे स्थान गेले. फर्मर यांचे निरीक्षण मात्र चुकीचे नव्हते. साध्या डोळ्यांना तो पदार्थ एकच दिसतो.

गार्नेटने त्यांना अधिक खोल नेले. घनतेने जड असलेले हे खनिज मोठ्या दाबाखाली तयार होते, म्हणून ते खोलीचे मापक ठरावे, असा विचार त्यांनी १९१३ मध्ये मांडला. कवचाखाली गार्नेटयुक्त एक्लोजाइटचा थर असावा, आणि दाब उतरला की तो वितळून लाव्हा वर येत असावा, ही त्यांची कल्पना. चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यापासून विदर्भापर्यंत पसरलेला काळा पाषाण ज्यांनी भुसावळच्या खोल छिद्रातून थरामागून थर तपासला, त्यांना हा प्रश्न सुटणे अवघडच होते. आजच्या मते प्रावरण मुख्यतः पेरिडोटाइटचे आहे, एक्लोजाइट त्यात थोडाच. तरीही तेथून वर आलेल्या खडकांत गार्नेटभोवती बारीक तंतूंची कडा दिसते. दाब उतरल्यावर गार्नेट विघटित झाल्याची ती खूण होय, आणि खनिजांवरून दाब मोजणे ही आता नेहमीची पद्धत आहे.

१९३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९३५ मध्ये सर्वेक्षणाच्या संचालकपदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी 'सर' किताब मिळाला आणि आजच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या पूर्वसंस्थेचे पहिले अध्यक्षपदही. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले. गोंडाइट हे नाव भूविज्ञानात अद्याप वापरात आहे.