आधी पडायला शिकविणारा आचार्य

शाळेत दांडगी मुले त्रास देऊ लागली, की पालकांना कराटे किंवा ज्युदोच्या वर्गाची आठवण होते. मुलाने चार डाव शिकावेत आणि परतफेड करावी, ही त्यामागची साधी अपेक्षा असते. ज्युदोच्या वर्गात मात्र पहिले धडे पडण्याचे असतात. हनुवटी छातीकडे घेऊन, डोके सांभाळून आणि हाताचा तळवा जमिनीवर आपटून इजा न होता कसे पडावे, हे जमल्याखेरीज पुढची वाट खुली होत नाही. ही विद्या घडविणारे जिगोरो कानो स्वतःही लहानपणी मार खाणारेच होते.

कानो यांचा जन्म १८६० साली जपानमधील कोबेनजीकच्या मिकागे येथे, साके हे मद्य तयार करणाऱ्या सधन घराण्यात झाला. आई लवकर वारली आणि वडिलांनी मुलाला टोकियोला नेले. अभ्यासात तो तल्लख होता. पण अंगाने किरकोळ. प्रौढ वयातही त्यांची उंची पाच फुटांपेक्षा थोडीच अधिक होती. वसतिगृहातील धटिंगण मुलांना असे सावज आयतेच मिळाले. बलदंडाला दुबळाही नमवू शकतो, अशी जुजुत्सु नावाची विद्या असल्याचे कानोंच्या कानावर आले आणि त्यांना तिचा ध्यास लागला.

काळ मात्र प्रतिकूल होता. १८६८ च्या सत्तांतरानंतर सामुराईंचे वर्चस्व ओसरले आणि १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावरही बंदी आली. जुनी युद्धविद्या कालबाह्य समजली जाऊ लागली. तिचे कित्येक जाणकार हाडे बसविण्याचा व्यवसाय करून पोट भरत होते. गुरूच्या शोधात कानो अशा हाडवैद्यांची दारे ठोठावत फिरले आणि अखेर १८७७ मध्ये हाचिनोसुके फुकुदा यांच्याकडे पोहोचले.

फुकुदांची शिकविण्याची रीत निराळी होती. एखादा डाव कसा करायचा, असे शिष्याने विचारले, की ते उत्तर देण्याऐवजी त्याला पुन्हा पुन्हा आपटत. समज शब्दांतून नव्हे, तर अंगातून यावी, असा त्यांचा आग्रह होता. कानोंचे अंग सतत खरचटलेले आणि मलमाने माखलेले असे. सरावात फाटून पुन्हा पुन्हा शिवलेला त्यांचा अंगरखा आजही जतन करून ठेवलेला आहे. याच आखाड्यात एक वजनदार सहाध्यायी त्यांना काही केल्या हार जात नव्हता. कानोंनी सुमोचे डाव आजमावले, ते फसल्यावर ग्रंथालयात जाऊन पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तके धुंडाळली आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर आडवे उचलून टाकण्याचा डाव शोधून काढला. त्या डावाने तो सहाध्यायी खाली आला. जी विद्या उपयोगी पडेल ती आपली, मग ती कोठून का येईना, ही वृत्ती त्यांनी पुढे आयुष्यभर जपली.

१८७९ मध्ये फुकुदा निवर्तले आणि दुसरे गुरू इसो १८८१ मध्ये गेले. तिसरे गुरू इइकुबो यांच्याकडे शिकताना कानोंना ज्युदोचे मर्म गवसले. प्रतिस्पर्ध्याला आधी ढकलून वा ओढून त्याचा तोल घालवावा आणि मगच डाव टाकावा. समोरच्याचे बळ दहा आणि आपले सात असेल, तर थेट झुंज देणारा हरणारच. पण त्याने ढकलताच आपण मागे सरलो, तर तो स्वतःच्याच जोराने झुकतो. तोल गेलेल्या माणसाचे दहाचे बळ तीनवर येते. ही युक्ती साधताच कानो गुरूंनाही सहज फेकू लागले आणि गुरूंनी आपल्या परंपरेचे हस्तलेख त्यांच्या स्वाधीन केले.

१८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, कानोंनी टोकियोच्या एइशोजी मंदिरात बारा चटयांच्या जागेवर कोदोकान ही संस्था सुरू केली. शिष्य होते नऊ. जीवघेणे डाव त्यांनी मुक्त सरावातून वगळले आणि 'जुत्सु' म्हणजे कौशल्य, या शब्दाच्या जागी 'दो' म्हणजे मार्ग हा शब्द योजला. तरुणपणी आपण अतिशय शीघ्रकोपी होतो आणि या साधनेने आपला संताप निवाला, अशी कबुली त्यांनी दिली आहे. युरोपचा दौरा आटोपून १८९१ मध्ये बोटीने परतताना एका धिप्पाड परदेशी प्रवाशाशी त्यांची झटापट झाली. कानोंनी त्याला उचलून टाकले. पण टाकताना त्याच्या डोक्याला इजा होऊ नये म्हणून आपला हात आधाराला दिला. वसतिगृहात मार खाल्लेल्या त्या मुलाचा सूड अशा रीतीने संपला होता.

कानो पेशाने शिक्षक होते. टोकियोच्या उच्च शिक्षक प्रशिक्षण विद्यालयाचे ते अनेक वर्षे प्राचार्य होते. चिनी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी शाळा काढली. लू शुन हे थोर चिनी लेखक तिथलेच विद्यार्थी. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. शक्तीचा सर्वोत्तम विनियोग आणि परस्परांचे कल्याण, ही दोन सूत्रे त्यांनी १९२२ मध्ये मांडली. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये कोदोकानचे ताकागाकी शांतिनिकेतनात ज्युदो शिकवायला आले.

अखेरचा डाव मात्र कानोंना साधला नाही. १९४० चे ऑलिम्पिक टोकियोला मिळावे म्हणून ते झटले. १९३८ मध्ये कैरोच्या बैठकीहून परतताना, ४ मे रोजी, बोटीवरच न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. दोनच महिन्यांनी युद्धात गुंतलेल्या जपानने ते यजमानपद सोडले. परस्परकल्याणासाठी घडविलेली त्यांची विद्याही लष्करी शिक्षणाच्या दावणीला बांधली गेली. अखेर १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्युदोला स्थान मिळाले. तेथे खुल्या गटात जपानच्या कामिनागाला हॉलंडच्या आंतोन गेसिंकने हरविले. पण जल्लोष करीत धावून येणाऱ्या आपल्या देशबांधवांना गेसिंकने हात उंचावून रोखले. जपान हरला होता; कानोंची शिकवण जिंकली होती.

आणखी एक ऋण त्यांनी फेडले होते. पहिले गुरू फुकुदा यांची नात केइको हिला त्यांनी १९३५ मध्ये ज्युदो शिकण्यासाठी स्वतः बोलावले. ती पाच फुटांहूनही ठेंगणी होती. स्त्री असल्यामुळे तिची श्रेणी पाचव्या 'दान'वर दीर्घकाळ रोखून धरण्यात आली. कानोंच्या संस्थेलाही ही भिंत ओलांडायला १९७२ साल उजाडावे लागले. २०११ मध्ये अमेरिकेत तिला दहावी 'दान' मिळाली, तेव्हा ती अठ्ठ्याण्णव वर्षांची होती. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे निधन होईपर्यंत ती ज्युदोशी एकनिष्ठ राहिली. तिच्या वर्गात येणाऱ्यांनाही पहिला धडा पडण्याचाच मिळत असे.