वाघ नाही दिसला तरी…

नागझिऱ्याहून परतलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न काय विचारतो? वाघ दिसला का! नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. जणू पैसे वायाच गेले. आमच्या महिला मंडळाची सहल परतताना गाडीत हीच कुरकुर चालली होती. चितळ पाहिले, गवे पाहिले, तळ्याकाठी बसून डबे खाल्ले, पण वाघ काही दिसला नाही. मला मात्र राहून राहून व्यंकटेश माडगूळकर आठवत होते. याच जंगलात मुक्काम करून त्यांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिलं. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. आपला गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ साली.

माडगूळकर काही जंगलात जन्मलेले नव्हते. १९२७ साली माणदेशातल्या माडगूळ गावी त्यांचा जन्म झाला. पाऊस नाही, पाणी नाही, नजर जाईल तिथवर माळरान. वडील औंध संस्थानात कारकून. घरात खाणारी तोंडं फार आणि मिळकत थोडी. थोरले भाऊ म्हणजे आपले लाडके गदिमा. व्यंकटेश, म्हणजे तात्या, बेचाळीसच्या चळवळीत ओढले गेले आणि शाळा सुटली ती सुटलीच. पण शिकणं नाही सुटलं. इंग्रजी ते आपलं आपण शिकले आणि जगभरातली पुस्तकं वाचू लागले. हातात चित्रकला होती, तीही जपली.

१९४८ च्या जाळपोळीत गावाकडचं घर जळालं. अशा वेळी माणूस कायमचा कडवट होऊ शकतो. पण दुसऱ्याच वर्षी, १९४९ साली, त्यांचं ‘माणदेशी माणसं’ आलं. ज्या मुलखात घराची राख झाली, त्याच मुलखातली साधीसुधी, गरीब माणसं त्यांनी जीव लावून रंगवली. त्यांची कीव केली नाही की त्यांना देव्हाऱ्यात बसवलं नाही. फक्त नीट पाहिलं. पुढे ‘बनगरवाडी’त धनगरांची वाडी आणि तिथला पोरसवदा मास्तर आला. त्यावर अमोल पालेकरांनी सिनेमाही काढला.

पोटापाण्यासाठी त्यांनी पुणे आकाशवाणीत ग्रामीण कार्यक्रमांची नोकरी केली. तीही थोडीथोडकी नाही, जवळजवळ तीस वर्षं! म्हणजे आपल्यासारखंच घड्याळाला बांधलेलं आयुष्य. त्यातूनच वेळ काढून ते रानात जात. तरुणपणी शिकारीचा नाद होता. पुढे बंदूक सुटली आणि हातात वही-पेन्सिल उरली. मारण्यापेक्षा पाहण्यात जास्त आनंद आहे हे कळायला माणसाला अर्धं आयुष्य लागतं, नाही का? वानरांच्या टोळ्यांवर लिहिलेल्या ‘सत्तांतर’ला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्षही झाले. २००१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

गाडीत मी हे सांगितलं, तर एका मैत्रिणीने मला चांगलंच पकडलं. पुरुषमाणूस होते, जंगलात जाऊन राहिले. मागे घर कोणी सांभाळलं असेल? आपण चार दिवस गेलो तर स्वयंपाकघर बंद पडतं! खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिचं चुकलं नव्हतंच. घर सांभाळणारीचं नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येत नाही.

घरी आल्यावर विचार करत बसले. तात्यांनी जगाला पहिल्यांदा दाखवलं ते जंगल नव्हे, दारापुढचा माळ आणि शेजारपाजारची माणसं. नागझिरा फार पुढचा. बघायची सवय आधी घरच्या अंगणातच लागली होती. आणि ती सवय लावून घ्यायला रजा लागत नाही.

उन्हाळा लागला की आपल्याकडे बायका पहाटेच टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात. वर्षानुवर्षं मी त्यांच्यात काम करते, बचत गटाच्या वह्या तपासते. पण कोणत्या झाडाची फुलं आधी गळतात हे त्यांना कसं कळतं, ते मी कधी विचारलंच नव्हतं. परवा विचारलं. एकजण सांगता सांगता अशी खुलली, की हप्त्याचा हिशोब तासभर बाजूलाच राहिला. तिचे कष्ट त्यानं कमी झाले नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्या तासभरात ती नुसती वहीतली एक सही नव्हती.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी नागझिऱ्याला जाल तेव्हा वाघ दिसो, अशा शुभेच्छा आहेतच! नाही दिसला तर चेहरा पाडू नका. तळ्याकाठी पाच मिनिटं गप्प बसून बघा. आणि जाणं नाहीच जमलं, तर स्वयंपाकघराची खिडकी आहेच की.