समजून घ्या : चंद्राचा बदलता वेग गणितात पकडणारे भास्कराचार्य
चंद्र आकाशात रोज सारख्याच वेगाने सरकत नाही. त्यामुळे तिथीची अचूक वेळ काढायची तर सरासरी वेग पुरत नाही, त्या क्षणाचाच वेग हवा. पावणेनऊशे वर्षांपूर्वी हे गणित मांडणाऱ्या भास्कराचार्यांचे नाते जळगाव जिल्ह्यातील पाटणशी आहे.

कोण होते भास्कराचार्य?
जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

चंद्राचे गणित काय?
चंद्र पृथ्वीपासून दूर असताना दिवसाला सुमारे १२ अंश सरकतो, जवळ असताना सुमारे १५ अंश. हा त्याचा कोनीय वेग. हा वेग ज्या दराने बदलतो, ते कोनीय त्वरण.

सूत्र : (नंतरचा कोनीय वेग − आधीचा कोनीय वेग) ÷ लागलेला वेळ

दूरच्या बिंदूपासून जवळच्या बिंदूपर्यंत यायला चंद्राला सुमारे १४ दिवस लागतात. म्हणून (१५ − १२) ÷ १४ = सुमारे ०.२१. म्हणजे चंद्राचा दिवसाचा वेग रोज सरासरी ०.२१ अंशाने वाढतो. पुढचे १४ दिवस तो कमी होतो, तेव्हा उत्तर ऋण येते.

हे सूत्र आजचे आहे. भास्कराचार्यांनी मांडली ती ‘तात्कालिक गती’, म्हणजे त्या क्षणाचा वेग. आज कॉलेजात शिकवल्या जाणाऱ्या डेरिव्हेटिव्हच्या जवळ जाणारी ही कल्पना होती.

पाऱ्याचे चाक कायम फिरेल का?
गोलाध्यायात आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन आहे : हलके लाकूड, पोकळ आरे, त्यांत अर्धा पारा. पण पूर्ण फेरीत पारा जेवढा खाली उतरतो, तेवढाच वर चढवावा लागतो. चाकाला फुकटची ऊर्जा मिळत नाही आणि आसाचे घर्षण सुरूच राहते. कोनीय त्वरण ऋण होते आणि चाक थांबते. त्यामुळे भास्कराचार्यांचे मोठेपण या चाकात नाही, तात्कालिक गतीत आहे.

पाटणशी नाते कोणते?
वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रहगणिताचा सुटसुटीत ग्रंथ लिहिला. पुढे त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ स्थापन केला. तिथल्या शिलालेखात ही नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख उजेडात आणला.