पंडिता रमाबाई आणि मध्यप्रांतातील दुष्काळ

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता आणि कलकत्त्यास मिळालेली ‘सरस्वती’ ही पदवी आमच्या विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक असते. परंतु ज्या वर्षी त्यांची पावले मध्यप्रांताकडे वळली, त्या वर्षाची हकीकत क्वचितच कोणी सांगतो. आणि भंडारा जिल्हा त्या काळी याच प्रांतात मोडत असल्याने आम्हास ती अधिक जवळची वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने पहाटेच्या वेळी मुलीस. कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. पुढे दुष्काळ आला. भांडीकुंडी, दागिने, वस्त्रे विकली गेली, रानातील पाला खाण्याची पाळी आली. अंगमेहनतीचे काम कधी केलेले नाही आणि भीक मागण्याची लाज, असा तो दुहेरी पेच होता. १८७४ साली वडील गेले व थोड्याच दिवसांत आई गेली. तिच्या तिरडीस चार खांदेकरी मिळेनात, तेव्हा सोळा वर्षांच्या रमेने स्वतः एक बाजू उचलली. पुढे थोरली बहीणही गेली. उरलेल्या भावाबरोबर ती हजारो मैल पायी फिरली. थंडीच्या रात्री नदीकाठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून दोघे निजत.

कलकत्त्याचा सन्मान १८७८ चा. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरी तान्ही मनोरमा होती. विलायतेत वैद्यकी शिकण्याचा बेत होता, पण कान दगा देऊ लागल्याने तोही सोडावा लागला. तिथेच १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले, ते पुढे पुण्यास नेले. धर्मांतराच्या वादात १८९३ साली पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

दुःख माणसास घडविते असे आपण सहज म्हणतो. आम्हास ते पुरते पटत नाही. ज्या उपासमारीतून रमाबाई वाचल्या, तिनेच त्यांचे आईबाप नेले. त्यांच्यापाशी विशेष होते ते हे, की त्यांनी ती भूक विसरू दिली नाही.

१८९६ साली मध्यप्रांतात पाऊस वेळेपूर्वीच थांबला. धानावर जगणाऱ्या मुलुखास याचा अर्थ सांगावयास नको; तलाव भरला नाही तर घरात काय होते हे आपल्या जिल्ह्यातील म्हाताऱ्यांस विचारावे. रमाबाई त्या वेळी पुण्यास आपल्या संस्थेत होत्या. शारदासदन उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेले होते, आणि नव्या मुलींसाठी हाती निधीही नव्हता. तरी त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्याच्या कडेने पोरक्या मुली वणवण फिरत होत्या आणि त्यांना फसवून नेणारे लोकही फिरत होते. त्या मुलींची लाज आणि भीती रमाबाईंस कोणी समजावून द्यावी लागली नाही. त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या आणि जात विचारली नाही. पुण्यात प्लेगामुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर नेले. तेच पुढे मुक्तिसदन झाले.

आलेल्या मुली केवळ हाडांचे सापळे होत्या. काही वाटेत, काही पोहोचल्यावर दगावल्या. जगलेल्यांना वाचन, विणकाम, शेती, गोठा, तेलाचा घाणा व छापखाना ही कामे शिकविली गेली. स्वतःच्या आईबापांना अंगमेहनत येत नव्हती म्हणून काय भोगावे लागले, हे रमाबाई जाणून होत्या. हातास काम देण्याचा त्यांचा आग्रह आम्हास तेथूनच आलेला दिसतो. १९०० च्या सुमारास केडगावी सुमारे दीड हजार माणसे नांदत होती.

१९२१ च्या जुलैत त्यांची मनोरमा वारली. रमाबाईंनी त्या वेळी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरविण्याचे काम चालविले होते. ते त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. तो ग्रंथ १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला, आणि त्याचे खिळे जुळविणारे हात मुक्तिसदनातील स्त्रियांचे होते.